रिकाम्या बंडीनं उतरायचं

उंद्रीहून आमच्या शेताकडे जाणारी जी पांदण आहे, तिच्यात एका वेळी एकच बैलगाडी मावते. दोन्ही अंगांना बाभळी, खाली काळी माती आणि मधे चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. समोरून दुसरी गाडी आली, की कुणातरी एकाला चाकोरी सोडून डावीकडे, धुरा म्हणजे बांध ओलांडून, शेजाऱ्याच्या वावरात उतरावं लागतं. कुणी उतरायचं, याचा निकाल आमच्याकडे फार पूर्वीच लागलेला आहे. बैलगाडीला आम्ही बंडी म्हणतो. ज्याची बंडी रिकामी, तो उतरतो. ज्याची भरलेली, तो सरळ जातो. त्यात कुणाचं वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, किती एकरांचा धनी आहे तेही पाहत नाहीत. कारण साधं आहे. भरलेली बंडी काळ्या मातीत एकदा थांबली, की बैलांनी जीव काढला तरी ती पुन्हा हलत नाही.

हा नियम मला कुणी शिकवला नाही. तो मी अंगावर घेतला. कॉलेजच्या सुट्टीत एकदा रिकामी बंडी घेऊन मी शेताकडे निघालो होतो, बाबा मागे पाय सोडून बसले होते. समोरून कापसानं भरलेली बंडी आली. हाकणारा माणूस आमचा पक्का वैरी. धुऱ्यावरून त्याचं आणि आमचं इतकं वाजलेलं, की लग्नाकार्यातही आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसायचो. मी बैल उभे केले आणि जागचा हललो नाही. याच्यासाठी मी का उतरू, असं माझ्या डोक्यात. बाबांनी मागून उडी मारली, कासरा माझ्या हातून हिसकला, बंडी खाली घातली आणि त्या माणसाकडे न बघता उभे राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "भांडन घरी. पांदनीत नाही. तुले एवढं समजत नाही काय बे?"

मला राग आला होता. बाबांचा नाही, मी चूक होतो याचा. हा माझा स्वभाव पुढे मला फार महागात पडला.

मी समुद्रावर कसा गेलो, हे लोक अजून विचारतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही टेकडीवर चढा, समुद्र दिसत नाही. चिखलीच्या कॉलेजात एका मास्तरांनी जाहिरातीचं कात्रण दाखवलं, मी परीक्षा दिली आणि लागलो. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की एवढी मोठी पांदण आणि हिला धुरा कुठेच नाही. मग टक्कर व्हायचं कारणच काय? प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात कळलं, की मोकळ्या पाण्यातही जहाजं एकमेकांवर आदळतात, आणि म्हणूनच सगळ्या जगाच्या जहाजांसाठी नियमांची एक वही आहे. ती आमच्याकडून शब्दन् शब्द पाठ करून घेतली. जेवताना विचारायचे, आंघोळीला जाताना विचारायचे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या रजेत घरी आलो तेव्हा बाबांनी ओसरीवर बसवून विचारलं, "समिंदरावर कोनं उतराचं बे? भरल्यानं का रिकाम्यानं?"

मी माझी एक चप्पल घेतली, त्यांची एक घेतली आणि ओसरीच्या फरशीवर मांडली. समोरासमोर आली, तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडवी आली, तर ज्याला दुसरं जहाज आपल्या उजव्या हाताला दिसतं, त्यानं बाजूला व्हायचं. लवकर व्हायचं, आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल एवढं व्हायचं. चोरून, थोडं थोडं नाही. आणि ज्याचा मान आहे, त्यानं आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा. बाबांना हे सगळ्यात आवडलं. मान आहे म्हणून वाटेल तसं वागायचं नाही, मान असलेल्यावरही बंधन आहे, हे त्यांना पटलं.

"अन् त्यो बाजूले झालाच नाही तं?"

"तर मग मान असलेल्यानंसुद्धा शेवटी काहीतरी करायचं. भोंगा पाच वेळा वाजवायचा, तुझा इरादा मला कळत नाही म्हणून. तरी ऐकलं नाही तर वळायचं. पण तो आपल्या डावीकडे असेल तर डावीकडे वळायचं नाही."

"काऊन?"

"कारण तो जागा झाला तर तो त्याच्या उजवीकडे वळणार. आपण डावीकडे वळलो, तर नेमके त्याच्या तोंडात जाऊ."

त्यांनी दोन्ही चपला हातानं सरकवून पाहिल्या. एकमेकींवर आल्या तशी मान हलवली. मग मूळ प्रश्नावर आले. "अन् एक भरेल असलं, एक रिकामं असलं तं?"

"भरलं रिकामं बघत नाहीत, बाबा. कोण कुणाच्या कुठल्या हाताला आहे, एवढंच."

"मंग हा काय नियम झाला? आंधळ्यानं केला का काय!"

मी हसलो. मोठ्या पांडित्यानं त्यांना समजावलं, की उथळ पाण्यात फार खोल बुडालेल्या जहाजाची गोष्ट वेगळी, पण खुल्या समुद्रात सगळी सारखीच. वरून हसलो खरा, पण आतून मला बाबांचंच पटलं होतं. वही पाठ झाली होती. पांदण त्याच्याही आधी पाठ झालेली होती.

त्यानंतर चार वर्षांनी मी थर्ड ऑफिसर झालो. सकाळी आठ ते बारा ब्रिजवर माझी पाळी. ब्रिज म्हणजे जहाज जिथून चालवतात ती सगळ्यात वरची काचेची खोली. माझ्याबरोबर चाकावर एक सुकाणी असत, रत्नागिरीकडचे, पन्नाशीच्या आसपासचे. आम्ही दोघंच मराठी, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला थर्ड साब. माझ्या बोलण्याची ते खूप चेष्टा करत. "थर्ड साब, तुमच्याकडे समुद्र नाही, मासे नाहीत, आणि मराठी अशी! मग तिथे माणसं राहतात कशाला?" मी म्हणायचो, "तुमच्यासारख्यांना डाळ खाऊ घालायला." त्यांच्या घरी बायको, म्हातारी आई आणि दोन मुली होत्या. थोरलीचं लग्न ठरत होतं. मी सडाफटिंग होतो. घरी जमीन होती, आईबाबा धडधाकट होते, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. हे आता मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा मी त्याचा विचारच केला नाही.

श्रीलंकेच्या दक्षिणेला आम्ही पूर्वेकडे चाललो होतो. जहाज रिकामं, कोळसा भरायला निघालेलं. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन स्वच्छ, समुद्र शांत, दूरवर चारपाच जहाजं. त्या भागात रहदारी असते म्हणून मामा हातानं चाक धरून होते. डावीकडून एक मोठं जहाज आडवं येत होतं. भरलेलं. इतकं भरलेलं, की रिकाम्या जहाजाचं पाण्यावर दिसतं ते लाल अंग त्याचं कुठेच दिसत नव्हतं, नुसता काळा काठ पाण्यावर. मी होकायंत्रावरून त्याची दिशा घेतली. पाच मिनिटांनी पुन्हा घेतली. तीच. जहाज जवळ येतंय आणि त्याची दिशा बदलत नाही, याचा अर्थ टक्कर होणार. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

नियम उघड होता. मी त्याच्या उजव्या हाताला होतो. बाजूला व्हायचं त्यानं. मी दिशा आणि वेग तसाच ठेवायचा.

तो काही वळेना. मी भोंग्याच्या बटणाकडे पाहिलं आणि वाजवला नाही. भोंगा वाजला असता तर खालून कप्तान वर आला असता, आणि त्याला वाटलं असतं की एवढंही मला जमत नाही. कप्तानाला फोन लावायला हवा होता, शंका आली की बोलवा, असं त्यानं लेखी देऊन ठेवलेलं होतं. तेही केलं नाही. मी काच पुसली. दुर्बीण लावली. ते भरलेलं जहाज बघत राहिलो, आणि माझ्या मनात एकच चालू झालं. तो भरलेला आहे. मी रिकामा आहे. त्याला थांबता येणार नाही. उतरायचं तर मी उतरायचं.

आणि उतरायचं म्हणजे आमच्याकडे डावीकडे.

"पोर्ट ट्वेंटी," मी म्हणालो. म्हणजे चाक डावीकडे, वीस अंश.

सुकाणी हुकूम मिळाला की तो मोठ्यानं परत म्हणतो आणि मग चाक फिरवतो. मामांनी परत म्हणण्याऐवजी माझ्याकडे पाहिलं. "साब, पोर्ट?"

"हो. पोर्ट ट्वेंटी."

"पोर्ट ट्वेंटी," ते म्हणाले आणि त्यांनी चाक फिरवलं.

नेमका त्याच मिनिटाला समोरचा जागा झाला आणि वळला. उजवीकडे, नियमाप्रमाणे, आमच्या मागून निघून जायला. मी मात्र माझं जहाज त्याच्याच वाटेवर नेऊन ठेवत होतो. बाबांनी ओसरीवर चपला सरकवल्या होत्या ना, अगदी तसं.

जहाज एकदम कललं तसं कप्तान धावत वर आला. त्यानं एक नजर टाकली आणि ओरडला, "हार्ड स्टारबोर्ड!" मामांनी सगळं चाक उजवीकडे घातलं. पुढच्या दोन मिनिटांत मी काही केलं नाही, खांबाला धरून उभा होतो. दोन्ही जहाजं हळूहळू फिरली आणि डाव्या कुशी एकमेकींना घासून गेल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आमची डाव्या बाजूची जीवरक्षक होडी चेपली, कठडा वाकला, पत्र्याला पोचा पडला. माणसाला मात्र कुणाला खरचटलंही नाही. आम्ही सुटलो.

सगळं शांत झाल्यावर कप्तानानं विचारलं, "चाक पोर्टला कुणी दिलं?"

"थर्ड साबनी सांगितलं, सर," मामा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

कप्तान माझ्याकडे वळला. मला वाटतं, त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर माझं फार तर सहा महिने लायसन्स गेलं असतं. शिव्या बसल्या असत्या. मी चिखलीची एसटी धरून घरी आलो असतो, एक हंगाम तूर कापली असती आणि परत गेलो असतो. पण मी चूक आहे हे मला सहनच होत नसे. पाठ केलेली वही, मिरवलेलं ज्ञान, बाबांनी गावभर सांगितलेला मुलगा, सगळं एकदम समोर उभं राहिलं.

"मी स्टारबोर्ड म्हटलं होतं, सर," मी म्हणालो. "त्यांचा हात उलटा गेला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चाकावरच्या स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.  हुकुमाच्या वेळी ब्रिजवर आम्ही दोघंच होतो आणि दोघांत साहेब मी होतो.

ब्रिजवर बोललेलं सगळं टिपून घेणारं एक यंत्र असतं. त्यातलं राखून ठेवायचं तर वेळेत एक बटण दाबावं लागतं, नाहीतर आमच्या जहाजावरच्या त्या यंत्रात बारा तासांनी जुन्यावर नवं चढायचं. त्या गडबडीत कप्तानाच्या ध्यानात आलं नाही. बटण माझ्यापासून दोन हातांवर होतं. माझ्या ध्यानात होतं. दुपारी जेवताना होतं, संध्याकाळी कागद लिहिताना होतं. भ्याडपणा म्हणजे पळून जाणं असं मी समजत होतो. मी कुठेही पळालो नाही, नुसता बसून राहिलो.

पुढच्या बंदरात कंपनीची माणसं आली, कागद झाले, मी सही केली. मामांना तिथूनच घरी पाठवलं. जाताना ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "साब, तुमचा डबा माझ्याकडे राहिला होता." आईनं दिलेला चकल्यांचा डबा, रिकामा, धुऊन पुसून. तो देऊन गेले. नंतर ऐकलं, की त्यांना पुन्हा कुठल्या जहाजावर घेतलं नाही.

त्या रजेत घरी आलो तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. बाबांनी विचारलं आणि मी कागदावरचंच सांगितलं. वर थोडं तिखटमीठ लावलं. सुकाण्यानं उलटं फिरवलं, मी ओरडलो, थोडक्यात वाचलो. बाबांनी ती गोष्ट उचलली आणि ती त्यांची झाली. चिखलीला माल घेऊन गेले की तिथे सांगायचे, देऊळघाटच्या सोयऱ्यांकडे गेले की तिथे सांगायचे. दरवर्षी गोष्टीत माझी धडाडी वाढत गेली. मी पुढच्या परीक्षा दिल्या, चीफ झालो, मग कप्तान झालो. नव्या पोरांना आता मीच ती वही शिकवतो, आणि त्या एका नियमाशी आलो की माझा आवाज चढतो. पोरांना वाटतं, कप्तान फार कडक आहे.

बारा वर्षं गेली. विसरलो असं म्हणत नाही. रोज आठवायचं असंही नाही. लग्न झालं, मुलगी झाली. तिचा हात माझ्या हातात यायचा तेव्हा कधीकधी मामांच्या थोरलीचं लग्न झालं असेल का, असं मनात यायचं, आणि मी ते झटकून टाकायचो.

गेल्या हिवाळ्यात रजेवर होतो. नवी गाडी घेतलेली, बाबांना म्हटलं, चला, शेतात गाडीनंच जाऊ. पांदणीत बराच भाग आता मुरूम टाकून रुंद केला आहे, पण आमच्या शेताआधीचा तुकडा तसाच आहे. तिथेच समोरून कापसाची बंडी आली. बैल मान खाली घालून ओढत होते. मी रिकामा. पण डावीकडे उतरायचं तर बाभळीचे काटे गाडीच्या रंगावर ओरखडे पाडणार. मी हॉर्न वाजवला.

 बाबा दार उघडून उतरले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, धुऱ्यावर उभं राहून मला हातानं खाली बोलावू लागला. मी मुकाट गाडी वावरात घातली. काटे करकरले. बंडीवाला आमच्याच गावचा. जाता जाता हसून म्हणाला, "काकाजी, हा समिंदरावर राहून पांदन भुलला काय?"

"नाही बे," बाबा लगेच माझ्या बाजूनं. "लय हुशार हाये तो. ऐक तू, त्या कोकन्यानं जहाज उलटं फिरोलं व्हतं, अन् यानं..."

बंडी थांबली तर अडकेल म्हणून तो ऐकत ऐकत पुढे निघाला, आणि बाबा दहा पावलं त्याच्या बाजूनं चालत ती गोष्ट सांगत गेले. मी गाडीत बसून होतो. बाबांच्या तोंडून तो शब्द आला, कोकन्या, आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी दार उघडून बाहेर आलो.

ते परत आले तेव्हा मी सांगितलं. तिथेच, धुऱ्यावर बसून. बाबांनी पायातली एक चप्पल काढली, माझी एक मागितली आणि मातीत मांडली. "हे तुहं जहाज. हे त्याचं. आता दाखोव."

मी माझी चप्पल डावीकडे वळवली. त्यांनी दुसरी तिच्या उजवीकडे वळवली. दोन्ही एकमेकींवर आल्या.

"तू सांगतलं व्हतं डावीकडं?"

"हो."

"काऊन?"

"तो भरलेला होता, बाबा. मी रिकामा होतो."

 मला वाटलं, आता म्हणतील, मग चूक माझीच, मीच तुला तसं वाढवलं. ते म्हणाले असते तर मला थोडं हलकं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "त्या सुकान्याच्या घरी कोन व्हतं?"

"बायको. म्हातारी आई. दोन मुली. एकीचं लग्न निघालं होतं."

"अन् तुह्या मांगं?"

"कोणी नाही. तुम्ही होता, आई होती, शेत होतं."

"मंग भरेल बंडी कोनाची व्हती बे?" बाबा म्हणाले. "थ्या दिवशी तिथं उतराचं कोनं व्हतं?"

 जिथे पांदणीचा नियम चालत नव्हता, तिथे मी तो चालवला. आणि जिथे तोच एक खरा होता, तिथे रिकामी बंडी चाकोरीत रोवून उभा राहिलो आणि भरलेली खड्ड्यात घातली. बाबांनी चप्पल झटकून पायात घातली. "बारा वर्सं मी त्याले शिव्या देऊन राह्यलो," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "ज्याच्या त्याच्या पुढं."

 त्यानंतर ती गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. चिखलीत कुणी विषय काढला, की म्हणतात, मले नाही आठवत आता.

जुन्या जहाजावरच्या आचाऱ्याकडून मामांचा नंबर मिळाला. कंपनीला आधी लिहू का, असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "आधी त्याले सांग. कागद मंग." पत्र मी नंतर लिहिलं. त्याचं जे व्हायचं ते होईल, त्याबद्दल मला तक्रार नाही. फोन मात्र मी तीन दिवस केला नाही. चौथ्या दिवशी सकाळी बाबा ओसरीवर माझ्या समोर येऊन बसले आणि उठेनात. मग लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. म्हातारा झालेला.

"मामा, मी बोलतोय. थर्ड."

"कोण? थर्ड साब? डाळीवाले?" ते हसले. खरोखर हसले. "अहो, आता कप्तान झाला असाल की! कुठे आहात? थोरली विचारते कधीकधी, ते तुमचे बुलढाण्याचे साहेब कसे आहेत म्हणून."

त्यांना मी आणखी बोलू दिलं असतं तर माझा धीर सुटला असता. मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी पोर्ट म्हणालो होतो."

 पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"पोर्टच म्हणाला होतात ना?" ते म्हणाले.

"पोर्ट ट्वेंटी. तुम्ही विचारलंत, साब, पोर्ट? मी पुन्हा हो म्हणालो. तुम्ही बरोबर फिरवलंत. मी खोटं बोललो."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या ऐकायची माझी तयारी होती, मला त्या हव्या होत्या.

"जावयाची होडी आहे, साब," ते सावकाश म्हणाले. "रोज म्हणतो, बाबा, बसा सुकाणूवर, तुमच्याएवढं कुणाला येतंय. मी बसत नाही. पुढे जाळ्यापाशी बसतो. पहिली एकदोन वर्षं मला नीट आठवत होतं, तुम्ही पोर्ट म्हणालात ते. पण सगळे म्हणाले, साहेब कशाला खोटं बोलेल, तुमचा हात गेला असेल. बायको म्हणाली, दमला असाल हो, होतं. मग मलाही वाटायला लागलं, गेला असेल. हाताचं काय सांगावं. पोरांना घेऊन होडी उलटवली तर?" मग ते म्हणाले, "बारा वर्षं चाकाला हात नाही लावला."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, मला माहीत नाही. फोन त्यांनी कानापासून दूर नेला होता, आणि ते घरात कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होते.

"अगं, इकडे ये! थर्ड साबांचा फोन आहे. म्हणतायत, माझे हात बरोबर होते."